वाचक विचारतात : डिस्नेतल्या चार रेस आणि देणगीचे पैसे

गेल्या अंकात मी डोपी चॅलेंजबद्दल लिहिलं होतं. ज्यांचा तो अंक चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये दर जानेवारीत मॅरेथॉन वीकेंड असतो, त्यात गुरुवारी 5के म्हणजे 5 किलोमीटर, शुक्रवारी 10के, शनिवारी हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) आणि रविवारी फुल (42 किलोमीटर) असं लागोपाठ चार दिवस धावायचं, एकूण 48.6 मैल, म्हणजे आपले 78 किलोमीटर आणि वर थोडं. तिथली मॅरेथॉन 1994 पासून आहे, हाफ आणि फुल जोडून करायचं गूफी चॅलेंज 2006 ला आलं आणि हे चारही दिवसांचं डोपी 2014 ला. मी ते कॅन्सरच्या उपचारासाठी गावाकडून मुंबईत येणाऱ्या मुलांच्या घरच्यांना राहायला खोली देणाऱ्या एका संस्थेसाठी धावले. त्यावर खूप पत्रं आली, सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय.

ताई, आमच्या ग्रुपमधल्या आम्ही तिघींनी हाफ केलीय, एकीने फुल पण केलीय. पण लागोपाठ चार दिवस म्हणजे ट्रेनिंग कसं करायचं? रोज जास्त पळायचं का? – नाशिक

रोज जास्त नाही गं, पण थकलेल्या पायांवर पळायची सवय मात्र करायची. मी आठवड्यातले मधले दिवस नेहमीसारखेच ठेवले आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा चार दिवसांची साखळी करायचे, गुरुवारी थोडं चालणं, शुक्रवारी जरा जास्त, शनिवारी मध्यम रन आणि रविवारी लाँग रन. पहिल्यांदा केलं तेव्हा रविवारी येऊरचा चढ सुरू झाल्या झाल्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, तिसऱ्या साखळीपर्यंत शरीराला कळलं की उद्या पण उठायचंय तेव्हा आज सगळं खर्च करायचं नाही. खरं ट्रेनिंग हेच. पहिल्या तीन रेस मुद्दाम हळू पळायच्या, 5के मध्ये तर अजिबात जोर लावू नका कारण तिथे जोर लावलेला रविवारी 30 किलोमीटरनंतर व्याजासकट वसूल होतो.

थोडं पळा थोडं चाला ही पद्धत मला फार आवडली. जेफ गॅलोवे, जे 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये 10 हजार मीटर धावले होते, त्यांनी ती लोकांपर्यंत नेली आणि डिस्नेच्या रेससाठीचे ट्रेनिंग प्लॅनही त्यांच्याच पद्धतीवरचे आहेत. मी दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं असं पहिल्या किलोमीटरपासूनच करत होते, दमल्यावर चालायचं असं नाही, दमायच्या आधीच चालायचं.

आणि झोप! रेस पहाटे 5 ला सुटते पण त्याआधी बसने पोचायचं, कोरलपर्यंत (सुटायच्या आधी गटागटाने उभं करतात ती जागा) बरंच चालायचं, त्यामुळे चारही दिवस अडीचचा गजर. इथून जाणाऱ्यांना यात एक फायदा आहे जो मला तिथे गेल्यावर कळला, ऑर्लँडो जानेवारीत आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तिथले पहाटेचे अडीच म्हणजे आपल्याकडे दुपारचा एक. जेट लॅग घालवायच्या मागे लागूच नका, संध्याकाळी सहा-सातला डोळे मिटायला लागतील तेव्हा खुशाल झोपा. फक्त त्यासाठी संध्याकाळी पार्कात फिरायचा मोह सोडावा लागतो, मुलं बरोबर असतील तर त्यांना दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा. पार्क रविवारनंतर बघा.

दोन जोडी बूट न्याच. एका दिवशी भिजले की दुसऱ्या पहाटेपर्यंत वाळत नाहीत, तिथली हवा दमट असते. कधी कडाक्याची थंडी पण पडते, तेव्हा टाकून देता येईल असा जुना स्वेटर घालून उभं राहायचं. आणि रेसच्या मधल्या दिवसांत दुखतंय म्हणून आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, घाम गाळलेल्या शरीरात त्या किडनीवर येतात. मी बादलीत बर्फ टाकून पाय बुडवून बसायचे, हॉटेलात बर्फाचं मशीन असतंच.

मी एडिसन, न्यू जर्सीला असतो, यंदा डोपी करतोय. साताऱ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेला मदत करणारी एक छोटी ट्रस्ट आहे, तिच्यासाठी ऑफिसातून आणि मराठी मंडळातून पैसे गोळा करून थेट पाठवले तर चालेल ना?

दादा, थांबा, पैसे मागायच्या आधी त्या ट्रस्टला एकच प्रश्न विचारा, तुमचं एफसीआरए रजिस्ट्रेशन आहे का? परदेशातून देणगी घ्यायची तर 2010 च्या कायद्याखाली ते लागतं, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गावाकडच्या बऱ्याच छोट्या ट्रस्टकडे हे नसतं आणि तुम्ही प्रेमाने पाठवलेल्या पैशांनी त्यांच्याच मागे चौकशी लागू शकते.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझी बहीण टँपाला असते, अमेरिकन सिटिझन आहे, तिने उत्साहाने 500 डॉलर द्यायचे ठरवले आणि मी संस्थेत फोन केला तर तिथल्या हिशोब बघणाऱ्या काकू म्हणाल्या, अगं नको गं बाई पाठवू, आमच्याकडे एफसीआरए नाही. सख्ख्या बहिणीला नको म्हणताना मला इतकं वाईट वाटलं! पण काकूंचं बरोबर होतं. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्याचे मात्र धरले जातात. तुमच्या मंडळात दोन्ही प्रकारची माणसं असणार आणि ऑफिसातले अमेरिकन सहकारी तर आहेतच, त्यामुळे सगळ्यांचे पैसे तुमच्या खात्यात गोळा करून "माझे" म्हणून पाठवणं हा मार्ग नाही.

त्यापेक्षा तिथे 501(सी)(3), म्हणजे धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली, भारतात शाळांचं काम करणारी आणि इकडच्या भागीदार संस्थेकडे एफसीआरए असलेली संस्था शोधा. म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांना टॅक्समध्ये सूट मिळते, 250 डॉलर किंवा जास्त दिले तर त्यांना संस्थेची लेखी पोच लागते, आणि बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने दिले तेवढेच आपल्या खिशातून घालतात, ते एचआरला आवर्जून विचारा.

इकडे भारतात मागणाऱ्यांसाठी दोन ओळी. संस्थेकडे 80जी, म्हणजे देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी मान्यता, आहे का बघा, देणारा जुन्या टॅक्स पद्धतीत असेल तरच त्याला सूट मिळते, आणि 2 हजारांच्या वर रोख दिली तर नाही मिळत. मी रोख घेतलीच नाही, सगळ्यांना संस्थेचा क्यूआर पाठवला, माझ्या खात्यात एक रुपया आला नाही.

कॉलेजात आम्ही ठरवलंय की आमच्या सरांनी चारही रेस पूर्ण केल्या तरच शाळेच्या वह्यांसाठी प्रत्येकाने ठरलेले पैसे द्यायचे, नाहीतर नाही. मजा येईल ना? – कोल्हापूर

नको रे, असं नका करू. कळकळीने सांगतेय.

2017 मध्ये शनिवारची हाफ मॅरेथॉन विजांच्या अंदाजामुळे रद्द झाली. वर्षभर तयारी केलेली हजारो माणसं, कुणाची काही चूक नाही. बऱ्याच जणांनी मग आपापल्या रिसॉर्टच्या आवारातच गोल गोल फिरून 21 किलोमीटर पूर्ण केले. तुमचे सर असते तर तुम्ही काय केलं असतं, वीज पडायची शक्यता होती म्हणून शाळेच्या वह्या नाही असं म्हणाला असतात? आणि समजा सरांचा पाय शनिवारी मुरगळला, तर रविवारी 42 किलोमीटर उभं राहताना त्यांच्या डोक्यात काय असेल? माझ्यामुळे पैसे जातील. मग माणूस दुखत्या पायावर धावतो आणि मोडून घेतो. मी ज्यांना पैसे मागितले त्यांना पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं की हे पैसे मुलांसाठी आहेत, मी पूर्ण करो न करो, आजच द्या. किलोमीटरमागे 10 रुपये असा हिशोब धरायला हरकत नाही, 78 चे 780 होतात, लोकांना आकडा धरायला सोपा जातो, पण ते आधी द्यायचे. सरांना काळजीविना धावू दे.

स्पष्टच विचारते, राग मानू नका. अमेरिकेचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, रेसची फी, यात जेवढे घातलेत तेवढे सरळ त्या संस्थेला दिले असते तर जास्त मदत नसती झाली? – डोंबिवली

राग कसला, हा प्रश्न माझ्या आईनेही विचारला होता. नुसती रेसची फी 600 डॉलरच्या पुढे आहे, मुंबईहून ऑर्लँडोला थेट विमान नाही, खर्च होतोच. मला डिस्नेत धावायचं होतं, लहानपणापासूनची इच्छा होती, ती मी माझ्या पैशांनी पूर्ण केली, त्यासाठी चार वर्षं बाजूला टाकत होते. देणगीतला एकही पैसा त्यात गेलेला नाही आणि हे मी मागतानाच सांगितलं होतं. माझं ठाम मत आहे की प्रवासखर्च देणगीतून करायचा असेल तर त्याला चॅरिटी म्हणू नये.

आता उरलं ते हे की मी गेलेच असते, तर जाताना लोकांना सांगून गेले. सोसायटीतल्या ज्या माणसांना ही संस्था आहे हेच माहीत नव्हतं त्यांनी विचारलं की ही मुलं राहतात कुठे, आणि मी सांगितलं की परळच्या हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर चादर टाकून झोपलेली कुटुंबं तुम्ही जाता-येता बघितलीच असतील, त्यांच्यासाठी. खालच्या मजल्यावरचे आजोबा तेव्हापासून दर महिन्याला तिथे स्वतः तांदूळ नेऊन देतात. ते माझ्या तिकिटाच्या पैशातून झालं नसतं असं मला वाटतं. तुम्हाला नाही पटलं तरी चालेल.

चॅरिटी बिब (बिब म्हणजे छातीवर लावायचा रेसचा नंबर) घेणाऱ्यांनी मात्र वेगळी काळजी घ्या. रेसची नोंदणी पटकन भरून जाते, मग तिथल्या संस्थांकडे राखीव जागा असतात आणि त्या बदल्यात ठरलेली रक्कम गोळा करून द्यायची असते. कमी पडली तर उरलेली सहसा तुमच्या कार्डातून जाते, सही करायच्या आधी ते कलम वाचा. आणि व्हिसा हातात आल्याशिवाय नोंदणी करू नका, फी परत मिळत नाही आणि बिब दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

मुंबई मॅरेथॉनला मी नऊवारी नेसून ड्रीम रन केलाय. तिकडे सगळे वेषभूषा करून धावतात म्हणे, मी नऊवारीत चारही दिवस धावू का? – गिरगाव

5के ला जरूर धावा! काष्टा घट्ट, खाली शॉर्ट्स, पिना कमीत कमी, आणि साडी सुती नको कारण ती घाम पिऊन जड होते. 10के पण जमेल. हाफ आणि फुलला मात्र नको, मांड्यांच्या आत कापड घासून सालटं निघतात आणि दुसऱ्या दिवशी मीठाच्या घामाने जी आग होते ती नको रे बाबा. रविवारी फक्त नाकात नथ घाला, क्लिपची. मी तसंच केलं आणि सिंड्रेलाच्या किल्ल्यापाशी एका बाईने थांबवून विचारलं हे काय आहे, तेवढ्या वेळात तिला संस्थेबद्दल पण सांगून झालं.

पहाटे खायचं काय? – औरंगाबाद रोड, अहिल्यानगर

ट्रेनिंगमध्ये जे पचलं तेच. मी कॉफी मेकरच्या गरम पाण्यात भिजवलेले पोहे आणि मीठ-साखर, बरोबर राजगिऱ्याचे लाडू. विमानतळावर खाण्याच्या वस्तू जाहीर करा म्हणजे झालं.

मी 58 वर्षांचा आहे, रिटायर झालोय, रोज तळजाईला चालतो. मुलगी डॅलसला असते, ती म्हणते बाबा या, दोघं करू. पण वेळेच्या मर्यादेत बसलो नाही तर मधूनच बसमध्ये बसवतात असं ऐकलंय, त्याची भीती वाटते. – पुणे

काका, आधी डॉक्टर आणि स्ट्रेस टेस्ट, ते झालं की पुढचं वाचा.

मर्यादा आहे मैलाला 16 मिनिटं, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ दहा. फुलला साधारण सात तास. ही वेळ सगळ्यात शेवटी सुटणाऱ्यांपासून मोजतात, त्यांच्या मागून हातात फुगे घेतलेल्या बायका बरोबर याच वेगाने चालत येतात, सगळे त्यांना बलून लेडीज म्हणतात, त्यांच्या मागे पडलात तर बसमध्ये बसवतात. म्हणून शक्य तितक्या पुढच्या कोरलमध्ये जागा मिळवायची, त्यासाठी आधीच्या एखाद्या हाफची चांगली वेळ नोंदणीत द्या. पुढून सुटलात तर तेवढी मिनिटं तुमच्या गाठीला बांधलेली.

फोटोच्या रांगा मात्र तुमच्या वेळेतच धरतात. मिकी दिसला की पाय थांबतात, पण रांगेत दहा माणसं असतील तर पुढे चला. आणि मनाची एक तयारी ठेवा, फुलमध्ये चारही पार्क लागतात खरे, पण बराचसा वेळ आपण दोन पार्कांच्या मधल्या हायवेवर असतो, सुरुवातीला तर अंधारात, बाजूला नुसती झाडं. मॅजिक किंगडम पार्कातल्या मेन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंनी माणसं ओरडत असतात तेव्हा कुणीही पळतं, हायवेवर मुलगी बरोबर असेल तर फार फरक पडेल.

तुमचं रोजचं चालणं आत्ता किलोमीटरला किती मिनिटांत होतं ते घड्याळ लावून बघा. साडेनऊच्या आत येत असेल तर मुलीला होकार कळवा, अकरा-बारा असेल तर आधी तो दहाच्या आत आणा, यंदा दोघं मिळून नुसती 10के करा आणि पुढच्या वर्षीचं मग बोलू. वेळ मला कळवा, वाट बघतेय.