भरती-ओहोटीच्या बेटावर एक रात्र

प्रश्न : जुलैत मुलीकडे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जाणार आहोत. लिंडिसफार्न बेटाला धावती भेट द्यावी की मुक्काम करावा? यांचे गुडघे दुखतात.

उत्तर : ताई, एक रात्र राहाच. बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. भरती येण्याआधी दिवसभराची गर्दी परतते आणि गावात फक्त वारा नि पक्षी उरतात. मी त्या संध्याकाळी मठाच्या लालसर भिंतींपाशी बसले होते, दूर वाळूच्या दांड्यावरून सील प्राण्यांचं हुंकारणं ऐकू येत होतं. तो आवाज अजून कानात आहे.

इ.स. ६३५ मध्ये संत एडन यांनी इथे मठ स्थापला. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तरेकडच्या समुद्री लुटारूंनी, तो लुटला. आज दिसतात ते अवशेष मात्र नंतरचे, बाराव्या शतकातले. छत कोसळलं तरी एक नाजूक दगडी कमान अधांतरी टिकून आहे, ती बघाच. इथलं सुप्रसिद्ध हस्तलिखित, ‘लिंडिसफार्न गॉस्पेल्स’, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असतं.

गाव सपाट आहे, किल्ल्याची चढण तेवढी यांनी टाळावी. त्या किल्ल्याचं घर केलं वास्तुकार ल्यटियन्सने, नवी दिल्लीची आखणी करणाऱ्यानेच! खाली जुन्या होड्या उलट्या करून केलेल्या कोठ्या आहेत.

आणि कळकळीने सांगते, निघण्याआधी त्या तारखेचं सुरक्षित वेळांचं अधिकृत वेळापत्रक पाहा. ‘पाणी अजून लांब आहे’ म्हणून गाडी घालू नका.