विशीत ध्येय कसं ठरवायचं, आणि आपण बदलतोय हे कळतं कसं?

तू लिहिलंयस की वय 23, बीकॉम झालंय, नाशिकलाच असतेस, दर 1 जानेवारीला वहीत ध्येयं लिहितेस, एमपीएससी, इंग्लिश, वजन, सेव्हिंग, आणि होळी येईपर्यंत सगळं बंद पडतं. मैत्रिणी पुण्याला गेल्या आणि किती बदलल्या, तू मात्र आहेस तिथेच, असं म्हणतेस. तर ध्येय ठरवायचं कसं, बदल होतोय हे ओळखायचं कसं आणि घरचे विचारतात तेव्हा सांगायचं काय, असं विचारलंयस. मी तिशीत आहे, मूळची निफाड तालुक्यातली, आता नाशिकमध्येच पाथर्डी फाट्याला राहते आणि अंबडला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

आधी थेट उत्तर देते मग बाकीचं बोलू. तुझ्या यादीतलं बरंचसं तुझ्या हातातलंच नाहीये. एमपीएससी निघणं हे जागा किती सुटल्या, कट-ऑफ कुठे लागला, त्या दिवशी पेपर कसा आला यावर असतं, तुझ्या हातात आहे तो रोजचा अभ्यास. वजनाचं तेच. म्हणून विशीत ध्येय ठरवायचं म्हणजे पुढचे तीन-चार महिने मी कोणतं काम नेमाने करणार आणि कोणत्या तारखेला बसून त्याच्याकडे बघणार, एवढं ठरवायचं. दहा वर्षांनी मी कोण असेन ते ठरवत बसू नये, कारण ध्येय लिहिणारी तू आणि तिथे पोचणारी तू या दोघी सारख्या नसणार, आणि आज 23 व्या वर्षी तुला जे हवंय ते तिच्या गळ्यात का बांधायचं?

1 जानेवारीला हुरूप येतो तो खोटा नसतो हे पण सांगते. अमेरिकेत यावर अभ्यास झालाय, 2014 ला छापून आला, त्यात दिसलं की आठवडा, महिना, वर्ष किंवा सेमिस्टर सुरू झालं की लोक जिमला जास्त जातात, डाएटबद्दल जास्त सर्च करतात. म्हणजे नवी सुरुवात माणसाला उभारी देते, पण ती कुठल्याही सोमवारी मिळते, पाडव्याला मिळते, वर्षभर थांबायची गरज नाही. आणि होळीपर्यंत बंद पडतं म्हणतेस ना, तर लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास आहे, 2010 मधला, साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 च आणि कुणाला हिशोबाने पार 254. मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नव्हतं. आपण काय करतो, एक दिवस खंड पडला की व्रत मोडल्यासारखं सगळंच सोडून देतो. तसं नको करूस.

दुसरं, 'इंग्लिश सुधारायचं' हे वाक्य वहीतून काढून टाक. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघांनी ध्येयांवर कित्येक वर्षं काम केलंय आणि त्यांचं म्हणणं असं की 'जमेल तेवढं करू' यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय असलं तर काम चांगलं होतं. हे सगळीकडे सांगतात. पण पुढचा भाग कुणी सांगत नाही, तो असा की काम नवीन असेल, अजून येतच नसेल, तर निकालाचं ध्येय ठेवण्यापेक्षा शिकण्याचं ध्येय ठेवलेलं बरं. 23 व्या वर्षी आपल्याला बहुतेक सगळंच नवीन असतं! म्हणून 'फ्लुएंट इंग्लिश' च्या ऐवजी 'कामावर जाताना सिटीलिंक बसमध्ये सीट मिळाली की एक बातमी वाचायची आणि अडलेले शब्द रात्री बघायचे' असं लिही. कधी, कुठे, कशानंतर, हे त्यात आलं पाहिजे, नाहीतर संध्याकाळी आठला दमून आल्यावर तू काय करणार हे तुझा फोन ठरवतो.

आता आमच्याकडचं सांगते, मला स्वतःला हे सगळं तिथून कळलं. घरी द्राक्षबाग आहे. शहरात वाढलेल्यांना बऱ्याचदा माहीत नसतं की आपल्या नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, तिला गोडी छाटणी पण म्हणतात. लोकांना बाग दिसते ती फळछाटणीनंतरची, घड लटकलेले, मग फोटो वगैरे. पण काडीवर घड येणार की नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तंतू, येणार हे एप्रिलच्या छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत ठरतं, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, आत, भर उन्हात, आणि तेव्हा बाहेरून बघितलं तर हिरव्या काडीशिवाय काही दिसत नाही. बाबा त्या दिवसांत शेंडा मारतात, पाणी आणि नत्र हात राखून देतात, आणि एकही द्राक्ष नसताना बागेत सकाळ-संध्याकाळ फेरी असतेच. मग फळछाटणीच्या आधी काही काड्या लॅबला देतात डोळे तपासायला, कितव्या डोळ्यात घड आहे ते कळलं की कात्री कुठे मारायची ते ठरतं. तुझं आत्ताचं वय मला त्या एप्रिल-मे सारखं वाटतं, खरंच. काम चालू आहे आणि दिसत काही नाही, आणि तपासणी न करता कात्री चालवायची घाई मात्र सगळ्यांना.

बाबांची डायरी तू बघायला पाहिजेस. खताच्या दुकानातून दिवाळीला मिळते ती, पहिल्या पानावर प्लॉटचं नाव आणि छाटणीची तारीख, मग रोज एक ओळ. 'दिवस 34, शेंडा मारला, दुपारी ढग.' 'दिवस 41, पाणी कमी केलं.' त्यात 'यंदा बाग चांगली आणायची' असं कुठेही लिहिलेलं नसतं. आणि दिवस मोजतात ते छाटणीपासून, 1 जानेवारीपासून नाही, प्रत्येक प्लॉटचा वेगळा, शेजारच्या बागेची छाटणी कधी झाली याच्याशी काही घेणंदेणं नाही.

मी अप्रेंटिस म्हणून कंपनीत लागले तेव्हा तशीच वही सुरू केली. पानावर काम लिहायचं, कधीपासून सुरू केलं ती तारीख, मग एक-दोन ओळी, त्या दिवशी काय केलं आणि काय वाटलं. 'काय वाटलं' हे नक्की लिहायचं, कारण बदल तिथेच पकडता येतो. माझ्या वहीत एक पान आहे, कस्टमरचे लोक ऑडिटला आलेले, मी कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजमापाची साधनं बरोबर मोजतात का ते तपासल्याच्या, फाईली हातात धरून मागे उभी, त्यांच्यातल्या एकाने व्हर्नियर या मोजायच्या साधनावरचा स्टिकर बघून मला तपासणीची तारीख विचारली आणि माझ्या पोटात गोळा आला, असं त्या दिवशी लिहिलंय, अक्षर पण घाईतलं. नंतरच्या एका पानावर तसंच ऑडिट आहे आणि लिहिलंय काय तर 'कॅन्टीनला पुरणपोळी होती, ऑडिटमुळे उशीर झाला, संपली.' ऑडिटबद्दल शब्द नाही. मधल्या काळात भीती कधी गेली ते मला कळलंच नव्हतं, ती दोन पानं शेजारी ठेवून वाचली तेव्हा समजलं. तू म्हणतेस ना माझ्यात बदलच होत नाही, तर तुझ्याकडे आधीचं पान नाहीये म्हणून तसं वाटतंय. आज जे आपल्याला सहज जमतं ते पूर्वी जमत नव्हतं हे डोकं विसरून जातं.

आणि यात गंमत अशी की पुढच्या बदलाचाही आपल्याला अंदाज येत नाही. जोर्डी क्वॉइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी 2013 ला 'सायन्स' मध्ये एक अभ्यास छापला, 18 ते 68 वयाचे 19,000 हून जास्त लोक, कुणाला विचारलं मागच्या दहा वर्षांत किती बदललात, कुणाला विचारलं पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल. सगळ्या वयांत तेच, मागे खूप बदललो, पुढे फारसं नाही. म्हणजे प्रत्येकाला वाटतं आपण आता तयार झालो. तू स्वतःवरच करून बघ, 2015 च्या सिंहस्थात तू शाळेत असशील, रामकुंडावर गर्दी होती तेव्हाची ती मुलगी आणि आत्ताची तू यात किती फरक आहे ते आठव. 2027 चा सिंहस्थ आता येतोय, त्याच्या पुढचा येईल तेव्हा तू पस्तिशीच्या पुढे असशील, तेव्हाच्या तुला एमपीएससी हवी असेल का, नाशिक हवं असेल का, आज कुणी सांगू शकत नाही. मला यात दिलासा वाटतो.

पुण्याला गेलेल्या मैत्रिणींचं म्हणशील तर त्यांचा बदल लांबून दिसतो म्हणून मोठा दिसतो, हेअरकट, रूमचे फोटो, वीकेंडची ट्रिप. त्यांच्यात खरंच बदल झाला असेल, मी नाही म्हणत नाही, एकटं राहिलं की माणूस खूप शिकतो. पण जागा बदलणं हे ध्येय म्हणून घेऊ नकोस, कामासाठी जायचं असेल तर जरूर जा. दत्तू भोकनळ माहीत असेल तुला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, पाण्याची टंचाई असलेलं गाव, विहिरी खोदायची कामं केलेला मुलगा, 2012 ला लष्करात गेला तो घर चालवायला. नाव वल्हवायचा खेळ त्याला लष्करात गेल्यावर भेटला. 2016 ला रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या नौकेत 13 वा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक. आता विचार कर, अठराव्या वर्षी तळेगावात बसून त्याने ध्येयांची यादी केली असती तर त्यात रोईंग असतं का? काम आधी धरलं, ध्येय नंतर सापडलं. विशीत हे असं बऱ्याच जणांचं होतं, फक्त त्यांच्या बातम्या येत नाहीत.

एमपीएससीबद्दल थोडं कडक बोलते. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38 आहे, राखीवला त्याहून जास्त, म्हणजे आयोग तुला थांबवणार नाही, थांबायचं की नाही हे तुलाच ठरवावं लागेल. अभ्यास करायचा तर मनापासून कर, चांगली परीक्षा आहे, पण आजच पेनाने लिहून ठेव की किती अटेम्प्ट आणि कोणत्या तारखेला मी याचा पुन्हा विचार करणार. त्या तारखेला चालू ठेवलं तरी ठीक, सोडलं तरी ठीक, तो निर्णय असेल. तारीख नसली की माणूस सोडत पण नाही आणि धड करत पण नाही, मला आजूबाजूला दिसतात अशी हुशार मुलं, फार जीव तुटतो. सोबत हाताला काहीतरी असू दे, पार्टटाइम अकाउंट्सचं काम, टॅली, जीएसटी, बीकॉमवाल्यांना ते मिळतं. पुढे शिकायचं असेल तर गंगापूर धरणाकडे मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून नोकरी करणारे, घर सांभाळणारे तिथून शिकतायत, तो रस्ता कमी दर्जाचा आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस.

राहिला घरच्यांचा प्रश्न. जेफ्री आर्नेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2000 साली 18 ते 25 या वयाला वेगळं नावच दिलं, ना धड किशोर ना पूर्ण मोठे, हे करून बघ ते करून बघ असा काळ. त्याने ते अमेरिकेतल्या मुलांकडे बघून लिहिलं, तिथे हे करून बघायला घराबाहेर जागा असते. आपल्याकडे करून बघायचं ते आईवडिलांच्या डोळ्यांसमोर, आणि 23 च्या मुलीला तर समोर बायोडेटा पण असतात. तुझ्या आईला राग नाहीये ग, तिला काळजी आहे आणि तिच्या हातात काहीच माहिती नाहीये. 'बघू', 'चालू आहे' असं उत्तर दिलं की काळजी वाढते. तिला काम आणि तारीख सांग. 'दिवाळीपर्यंत मी सकाळी अभ्यास आणि दुपारी ऑफिस करणारे, भाऊबीज झाली की तुझ्यासमोर वही घेऊन बसते, काय झालं काय नाही ते दोघी बघू, तोपर्यंत स्थळाचं नको काढूस' असं स्पष्ट. आणि भाऊबीज झाली की खरंच बस, तिने विचारायची वाट बघू नकोस. हे सगळं सगळे जेवायला बसलेले असताना काढू नकोस, तेव्हा काका-आत्या सगळेच बोलतात आणि विषय लग्नावर जातो. सकाळी ती एकटी चहा ठेवत असते ना ओट्यापाशी, तेव्हा सांग.