एक्केचाळिसावं वचन

प्रिय बाळ,

येशूच्या नावात सलाम.

रविवारी तू १२२वं स्तोत्र वाचत होतीस आणि सहाव्या वचनाला अडलीस. 'यरुशलेमेच्या शांतीसाठी प्रार्थना करा.' पुस्तक मिटून खाली बसलीस. नंतर व्हरांड्यात मला विचारलंस, "काका, कुणाच्या शांतीसाठी? रोजच्या बातम्या बघून हे तोंडातून निघत नाही." कुणीतरी तुला समजावलं की हे स्वर्गीय यरुशलेमेबद्दल आहे, मनाला लावून घेऊ नकोस. मी गप्प राहिलो. ते मला रात्रभर टोचलं.

लूकचा १९वा अध्याय काढ आणि ४१वं वचन वाच. झावळ्यांच्या रविवारी, प्रभू यरुशलेमेत आला त्या दिवसाच्या आठवणीत, आपण होसान्ना गात फेरी काढतो आणि ४०व्या वचनाला शुभवर्तमान मिटतो. पुढच्याच ओळीत प्रभू शहराकडे पाहून रडतो. जे शहर त्याच आठवड्यात त्याला वधस्तंभावर देणार, त्याच्यासाठी. रडण्याआधी त्याने बाजू विचारली नाही. आणि ते दगडामातीचं शहर होतं, इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने खरोखर जमीनदोस्त केलं ते.

आपली फेरीसुद्धा तिथलीच. चौथ्या शतकाच्या शेवटी एजेरिया नावाची यात्रेकरू तिथे होती. तिने लिहून ठेवलंय की लोक बिशपांबरोबर जैतुनाच्या डोंगरावरून शहरात उतरत, अंगावरच्या पोरांच्या हातातही खजुराच्या नाहीतर जैतुनाच्या फांद्या असत. तो रस्ता पुसून नुसतं आकाश ठेवायचं का? ४१वं वचन पुन्हा वाच.

त्या डोंगराच्या उतारावर १९५५ साली पूर्ण झालेलं एक छोटं चर्च आहे, दोमिनुस फ्लेवित, म्हणजे 'प्रभू रडला'. आकार अश्रूच्या थेंबाचा. वेदीमागच्या खिडकीतून समोर सगळं जुनं शहर दिसतं, सोनेरी घुमटासकट. मी तिथे गेलोय. गाईडने दहा मिनिटं दिली होती. मी त्या खिडकीसमोर उभा राहून फोटो काढून घेतला. प्रार्थना केली नाही. परत आल्यावर तो फोटो दाखवत कितीतरी मंडळ्यांत भाषणं केली, आणि दर वेळी सांगितलं की खरं यरुशलेम वर आहे. टाळ्या मिळाल्या. त्याच वर्षांत आमच्या मंडळीत जमिनीवरून भाऊ भावाशी बोलेनासे झाले, आणि मी त्या बैठकांना जाणं सोडलं. 'वर' पाहायची सवय लागली की समोरचं दिसत नाही, बाळ. मला नाही दिसलं.

वरचं यरुशलेम खोटं नाही. गलतीकरांच्या पत्रात तिला आपली माता म्हटलंय. पण प्रकटीकरणाचा २१वा अध्याय नीट वाच, घाईने नको. तिथे माणसं वर जात नाहीत, नगरी खाली उतरते. तिच्या वेशींवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावं कोरलेली आहेत आणि त्या वेशी कधी बंद होत नाहीत. आज ज्या शहरात कुणाला कुठल्या वेशीतून सोडायचं यावर बंदुका उभ्या असतात, त्याच शहराचं नाव या नगरीला दिलंय. दुसरं नाव देवाला सुचलं नसतं का?

म्हणून मी गेली कित्येक वर्षं झावळ्यांच्या रविवारी ४१वं वचन वाचतोच. सणाच्या दिवशी रडणं नको, असं मला सांगून झालंय. उपासना लांबते, पोरं कंटाळतात, हेही ऐकलं. मी थांबलो नाही. हट्टी म्हणोत. ज्याने एकदा ती खिडकी वाया घालवली, त्याला एवढा हट्ट धरू दे.

तू विचारलंस, कुणाची शांती. तिथे अरबीत 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणणाऱ्या ख्रिस्ती आईचीही आणि हिब्रूत हेच स्तोत्र म्हणणाऱ्या आजीचीही, अजानला उठणाऱ्या म्हाताऱ्याचीही. तुला न आवडणाऱ्यांचीसुद्धा. घशात अडकलं तर अडकू दे, तसंच वाच.

येत्या रविवारी वाचन पुन्हा तुझ्याकडेच दे, असं मी पाळकांना सांगितलंय. सहाव्या वचनानंतर थांबावंसं वाटलं तर थांब, पण पुस्तक मिटू नकोस. आठव्यात 'माझे बंधू व सोबती' येतात. तिथे आपल्या त्या दोन भावांची नावं मनात घे. मी मागच्या बाकावर असेन.

तुझा,
काका