‘डूम्सडे’ म्हणजे प्रलय की निवाडा?

इंग्लंडमधील अकराव्या शतकातील जमीन-पाहणीची नोंदवही असलेल्या ‘डूम्सडे बुक’चे मराठी ‘प्रलयाची वही’ असे करणे योग्य ठरेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते ठरणार नाही, कारण त्या वहीत प्रलयाशी संबंधित काहीच नाही. आहे तो निव्वळ जमीनमहसुलाचा तपशील.

१०८५ च्या नाताळात नॉर्मन राजा पहिला विल्यम याने ग्लॉस्टर येथे या पाहणीचा हुकूम दिला आणि पुढच्याच वर्षी ती बहुतांशी पार पडली. जमीन कोणाकडे आहे, नांगर किती, पाणचक्क्या किती, किती डुकरे पोसली जातील एवढे रान आहे, हे गावोगावच्या लोकांना शपथेवर विचारून लॅटिनमध्ये उतरवून घेतले गेले. शिवाय जमिनीचे मोल नॉर्मनांच्या आधीच्या एडवर्ड राजाच्या काळी किती होते, विल्यमने ती नव्या धारकाला दिली तेव्हा किती आणि आता किती, हेही विचारले जाई. एकही बैल, गाय वा डुक्कर नोंदीतून सुटले नाही, अशी तक्रार त्या काळच्या इंग्रज बखरकाराने केली आहे. (लंडन आणि विंचेस्टर मात्र सुटलेच.)

हे नाव विल्यमच्या कारकुनांनी दिलेले नाही. ते लोकांच्या तोंडचे आहे. सुमारे ११७९ मध्ये राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्याचा खुलासा केला: अखेरच्या दिवशीच्या ईश्वरी निवाड्यावर जशी दाद मागता येत नाही, तशी या वहीतील नोंदीवरही मागता येत नाही. जुन्या इंग्रजीत ‘डोम’ म्हणजे कायदा, निर्णय, निवाडा. ‘सर्वनाश’ हा अर्थ त्याला फार पुढे चिकटला. गंमत अशी की हा ‘डोम’ आणि आपल्या ‘विधी’, ‘विधान’ या शब्दांतला ‘धा’ धातू यांचे मूळ एकच, ‘ठेवणे, स्थापणे’ या अर्थाचे आहे.

म्हणून मूळ नाव ‘डूम्सडे बुक’ असेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाशी ‘निवाड्याची वही’ असा खुलासा द्यावा, असे मी सुचवीन. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत ‘निवाडपत्र’ आहेच, त्यामुळे ‘निवाडा’ शब्द येथे उपरा वाटत नाही. ‘जमाबंदी’ हा शब्द कामाचे वर्णन म्हणून चालेल, पण त्यात लोकांनी घेतलेला धसका उतरत नाही. इंग्रजी लेखनात ‘ओ’ एकच असल्याने काही जण ‘डोम्सडे’ असे लिहितात. इंग्रज मात्र त्याचा उच्चार ‘डूम्झडे’ असाच करतात.