आडनाव एकच असलेली दोन घरं भाऊबंद आहेत का हे वाय-डीएनए टेस्टने कळतं का?

कळतं, पण फक्त बापाच्या बाजूचं. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडेच जातो, म्हणून दोन्ही घरांतला एकेक पुरुष लागतो, तुम्ही बाई असाल तर भावाला नाहीतर काकांना गळ घाला, गालाच्या आतून काडी फिरवायची, बस्स. किमान ३७ मार्कर (वाय क्रोमोसोमवरच्या ताडून बघायच्या ठरावीक जागा) तरी बघा, ३७ पैकी ३६-३७ जुळले तर मूळपुरुष बहुतेक एकच, दहा-बारा वेगळे आले तर विषय संपला. नुसता दोघांचा आर१ए ग्रुप (बापाकडच्या वंशाचा एक मोठा गट) आला म्हणून नाचू नका, तो हजारो वर्षं जुना आहे. आणि कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही तर वतनाची नावं हो, गावोगाव वेगळी घराणी! मध्येच कुणी दुसऱ्या घराण्यातून दत्तक आलं असेल तर वंशावळीत सख्खे, टेस्टमध्ये परके. पैसे भरायच्या आधी कुलदैवत आणि मूळ गाव विचारून घ्या.