आधी सामान, मग दिवे, रंग सगळ्यात शेवटी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बडोद्यातल्या मांजलपूरचा २५ वर्षं जुना टू बीएचके, हॉल १२ बाय १६, एकच खिडकी आणि तीही समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे तोंड करून, घरात सासूसासरे, तुम्ही दोघं आणि शाळेतली मुलगी. आणि इंटिरियरवाला म्हणतोय की सगळ्या भिंती ग्रे करा, फॉल्स सीलिंग घ्या आणि तो संखेड्याचा लाखकामाचा लाकडी झोपाळा विकून टाका. तुम्हाला पटत नाहीये पण का ते नीट सांगता येत नाहीये. मला वाटतं तो उलट्या टोकाने सुरुवात करतोय, रंगापासून. घर बदलायचं तर आधी सामानाची जागा ठरवायची, मग दिवे, आणि रंग अगदी शेवटी.

आम्ही दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यातून कारेलीबागेत फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मला पहिले ६ महिने कळतच नव्हतं की तेच सामान, तीच माणसं, तरी इथे एवढा पसारा का दिसतो. वाड्यात भिंती जाड, त्या भिंतीतच फडताळं, कोनाडे, दाराच्या मागे खुंट्या, वर पोटमाळा. सामान भिंतीच्या पोटात जायचं. फ्लॅटची भिंत साडेचार नाहीतर ९ इंचाची, ती काहीच पोटात घेत नाही, सगळं खोलीतच येऊन उभं राहतं. त्यामुळे ते फडताळ आपल्याला बाहेरून बनवून घ्यावं लागतं, आणि ते कुठे, केवढं, हे आधी ठरलं नाही तर रंगवलेली भिंत कपाटामागे जाते आणि दिव्याचं बटण कपाटाच्या आत.

तर पहिलं काम, एका रविवारी वही घेऊन बसा आणि घरात काय काय आहे ते वापराप्रमाणे लिहा. रोजचं, आठवड्याचं, वर्षातून एकदाचं. आपल्या बडोद्याच्या घरांमध्ये वर्षातून एकदाचं सामान फार असतं हो, एरंडेल लावून भरलेल्या गव्हाच्या कोठ्या, गणपतीचं मखर, गौरीचे मुखवटे, नवरात्रीचे चणियाचोळी, उत्तरायणाच्या पतंगांच्या फिरक्या, पाहुण्यांच्या गाद्या. बाहेरगावचा इंटिरियरवाला हे कधीच मोजत नाही, तो वॉर्डरोब दाखवतो आणि निघून जातो. मखर, फिरक्या, रिकाम्या बॅगा माळ्यावर. माळा दाराच्या वरच्या रेषेत, म्हणजे ७ फुटांवर घ्या. गहू मात्र खालीच ठेवा, सासूबाईंना स्टुलावर चढायला लावू नका.

कपाट किती खोल करायचं याला सुतार एकच माप धरतो, २४ इंच. हँगरला कपडे टांगायचे तर तेवढं लागतंच. पण पुस्तकं, चपला, औषधं, मुलीच्या वह्या यांना १२ इंच पुष्कळ झाले, मसाल्यांच्या बाटल्यांना ४-५ इंच. खोल कपाटात मागची वस्तू दिसत नाही, न दिसणारी वस्तू आपण परत विकत आणतो आणि पसारा वाढतो. तुमच्या पॅसेजमध्ये १२ इंची कपाट जमिनीपासून वरपर्यंत सहज बसेल असं वाटतंय, तेवढ्याने अर्धा हॉल मोकळा होईल. एक कळकळीने सांगते, बाथरूमच्या भिंतीला लागून कपाट करणार असाल तर आधी त्या भिंतीची ओल थांबवा, मग बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय वापरा आणि मागे इंचभर फट सोडा. माझं साध्या प्लायचं कपाट दोन पावसाळ्यांत मागून काळं पडलं, साड्यांना वास लागला, त्यातलं आईचं एक पातळ गेलंच.

आता दिवे. यावर मी जास्त बोलणार कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. आपल्याकडे हॉलच्या एका भिंतीवर वरती एक पांढरी ट्यूब, बस. दुकानात आपण काही न सांगता बल्ब मागितला तर बहुतेक वेळा ६५०० केल्विनचा निळसर पांढरा हातात येतो. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढा उजेड पिवळसर. संध्याकाळी बसायच्या खोलीत तो नको, तिथे २७०० ते ३००० केल्विन, ओट्यावर आणि मुलीच्या टेबलावर ४०००. खोक्यावर सीआरआय पण बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, ९० च्या आसपास असला तर भाजी, साडी, माणसाचा चेहरा जसा आहे तसा दिसतो.

किती उजेड लागतो याचा हिशोब सोपा आहे. बल्ब एकूण किती उजेड देतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात, आणि एक चौरस मीटरवर एक ल्यूमेन पडला की एक लक्स. तुमचा हॉल जवळजवळ १८ चौरस मीटर, बसण्याबोलण्यापुरते १५० लक्स धरले तर २७०० ल्यूमेन. ९ वॅटचा एलईडी साधारण ८०० ते ९०० ल्यूमेन देतो, म्हणजे भिंती थोडा उजेड खातात ते धरून ४ बल्ब. पण चारही छताला लावू नका! दोन वर, एक सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी, एक कोपऱ्यात खाली. वाड्यात दिवा कोनाड्यात असायचा, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला, म्हणून तिथे चेहरे छान दिसायचे आणि छताच्या ट्यूबखाली सगळे दमलेले दिसतात. सासऱ्यांचं वय ७५ म्हणालात ना, या वयात डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं, पेपर वाचायला त्यांना तुमच्यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो, तेव्हा त्यांचा दिवा खास त्यांच्यासाठी घ्या. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत खाली, पायाशी, रात्रभर जळणारा मंद दिवा, हे मी सगळ्या घरांत सांगते.

ओट्यावर ट्यूब आपल्या पाठीमागे असते आणि चिरताना आपलीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटाच्या खाली पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावली की प्रश्न मिटला.

फॉल्स सीलिंग मी तुमच्याकडे करणार नाही. साडेनऊ फुटांच्या छतातले ६ इंच गेले की पंखा खाली येतो, आणि त्यात बल्ब पंख्याच्या पात्यांच्या वर बसवले तर पाती फिरताना उजेड सारखा लुकलुकतो, डोकं दुखतं. त्याच पैशात भिंतीला झिऱ्या मारून चार नवीन पॉइंट काढून घ्या.

आता रंग. शेडकार्डवर किंवा कंपनीच्या साइटवर प्रत्येक शेडचा एलआरव्ही दिलेला असतो, ० ते १०० मधला आकडा, पडलेल्या उजेडातला किती टक्के भिंत परत फेकते तो. मधला ग्रे ४० च्या आसपास असतो, म्हणजे आधीच अंधारा हॉल आणि आलेल्यातला निम्म्याहून जास्त उजेड भिंतच गिळणार. तुम्ही ७० च्या वरचा घ्या, छत पांढरं मॅट. मी स्वतः दुकानात ट्यूबखाली बघून सुंदर बदामी रंग निवडला होता, घरी संध्याकाळी तो हिरवट दिसायला लागला, दोन खोल्या परत रंगवल्या. म्हणून म्हणते दिवे आधी बसवा. छोटा सॅम्पल डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर २ बाय २ फुटांचे चौकोन रंगवा, पूर्ण वाळू द्या, मग सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. काम करताना क्रम असा, वायरिंग, सुतार, पुट्टी-प्रायमर आणि पहिला हात, दिवे, शेवटचा हात. हाताची उंची जिथपर्यंत जाते तिथे धुता येणारा इमल्शन.

आणि तो झोपाळा विकू नका हो. संखेडा इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे म्हणून आपल्याला त्याची किंमत वाटत नाही. सागाचं लाकूड लेथवर फिरवून त्यावर चढवलेली लाख आणि केवड्याच्या पानाने घासून आणलेली ती चमक, ते मरून-सोनेरी काम ग्रे भिंतीपुढे आणि निळसर ट्यूबखाली मळकं दिसतं, दोष झोपाळ्याचा नाही. त्याच्यामागे साय किंवा हस्तिदंती रंगाची उबदार भिंत येऊ द्या, ३००० केल्विनचा एक दिवा बाजूने पडू द्या आणि मरून रंग खोलीत अजून दोनच ठिकाणी आणा, उशीचे अभ्रे आणि पडद्याची किनार. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा मुलीला घेऊन एकदा बघून या, भिंतीभर चित्रं आहेत, एवढे रंग एकत्र कसे नांदतात ते तिथे उभं राहून कळतं.

झोपाळ्याच्या कड्या मात्र तपासून घ्या. २५ वर्षांत स्लॅबमधल्या हुकाला गंज धरलेला असू शकतो, रंगाचा पहिला हात मारायच्या आधीच मिस्त्रीला वर चढवा आणि हूक बदलायचा असेल तर तेव्हाच बदलून घ्या.