स्पॅनिशमध्ये सारखं ऐकू येणाऱ्या 'ओये'चा अर्थ काय?

शब्दशः अर्थ 'ऐक'. 'ओईर' म्हणजे ऐकणे, हे क्रियापद लॅटिनच्या 'आउदिरे'वरून आलं, आणि 'ओये' हे त्याचं 'तू'साठीचं आज्ञार्थी रूप. पंजाबी 'ओय'शी त्याचा काही संबंध नाही.

पण बोलताना त्यात हुकूम फारसा उरत नाही. आपण 'अगं ऐक ना' म्हणून विषय काढतो ना, अगदी तसंच: 'ओये, व्हिएनेस मान्याना?' म्हणजे 'अरे, उद्या येतोयस ना?' हाच शब्द आवाज चढवून, 'ये' जरा लांबवून म्हटला की 'ए, काय चाललंय?' असा दम होतो. सगळा खेळ सुराचा.

एक गोष्ट मात्र नक्की सांभाळा. अनोळखी किंवा वयस्कर माणसाला 'ओये' म्हणू नका, ते 'अरे ए' म्हटल्यासारखं लागतं. 'उस्तेद' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'साठी रूप आहे 'ओइगा', आपलं 'अहो'. तेही चढ्या आवाजात तक्रारीचं वाटतं. रस्त्यात कुणाला पत्ता विचारायचा असेल तर 'पेर्दोने', म्हणजे 'माफ करा', हीच सुरुवात मला सगळ्यांत बरी वाटते.

आणि मन लावून ऐकायला सांगायचं असेल, तर शब्द वेगळा: 'एस्कुचा'.